नमुना थिजला

"म्याडम, ह्या पिपाला बोकडाचा वास येतुय."

म्हाळूनाना लॅबच्या दारात उभे होते. हातात फडक्याचा बोळा, तोही अंगापासून लांब धरलेला. आत पाऊल टाकायचं नाही हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम होता, कारण त्यांच्या गमबुटांना कायम निळा-जांभळा रंग लागलेला असायचा आणि आमच्या फरश्या पांढऱ्या होत्या.

"नाना, ऑक्टोइक ॲसिड आहे ते," मी हसत म्हटलं. "त्यात बोकड कुठून शिरणार?"

"कुठनं शिरला त्ये तुमी बगा. पर हाय बोकडच. आन् त्यो बी माजावर आलेला. निम्मी हयात बकऱ्यांमागं गेली माझी, मला वळखू येणार न्हाई व्हय? घ्या, हुंगा."

मी हुंगलं. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, बोकडाशी माझा संबंध रविवारच्या दुपारपुरता. पण रोजचा वास मला माहीत होता. रोजचं ॲसिड नाकाला जरा बोचायचं, तेवढंच. हा वास ओशट होता, कुबट होता आणि नाकातून जाता जात नव्हता.

"किती ड्रम गेलेत आत?"

"दोन. तिसऱ्याचं बूच काडलं आन् घात झाला. आदीचं दोन बी ह्येच असणार. पंपानं खेचतो आमी, वास कुठं घेत बसतो."

"तिसरा लावू नका. मी बघते."

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट, दिवाळीनंतरच्या आठवड्यातली. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तो बंदही पडलाय. आम्ही ड्रायर बनवायचो. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडची माणसं विचारायची, मुलगी काय करते, आणि आई अभिमानानं सांगायची, ड्रायर बनवते. त्या बायका माझ्या केसांकडे बघायच्या. आमचा ड्रायर केसांचा नव्हता, रंगाचा होता. दाराला ऑइलपेंट दिला की दुसऱ्या दिवशी बोट चिकटत नाही, ते डब्यात आधीच घातलेल्या या चमचाभर ड्रायरमुळे. नाहीतर तो रंग आठवडाभर ओलाच राहील आणि घरातल्या सगळ्यांच्या कोपरांवर उमटेल. कोबाल्ट आणि ऑक्टोइक ॲसिड रिॲक्टरच्या मोठ्या टाकीत एकत्र तापवायचं, त्यातलं पाणी उडवायचं, टर्पेंटाइनमध्ये विरघळवायचं, की जांभळाच्या रसासारखा निळा-जांभळा माल तयार. हेच ॲसिड पुढे वायरींच्या प्लॅस्टिकमध्ये जातं, गाड्यांच्या कूलंटमध्ये जातं, आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

मला तरी कुठं होतं! मला ते शिकवलं रिसबूड सरांनी.

रिसबूड सर आमच्या क्वालिटी विभागाचे प्रमुख. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात ब्लेडनं तासून सुईसारखी केलेली पेन्सिल. मुलाखतीला मी गेले तेव्हा आमचे जनरल मॅनेजर पारसनीस साहेब म्हणाले होते, मुलगी नको, प्लँटमध्ये जावं लागतं, गड्यांशी बोलावं लागतं. सर म्हणाले, "साहेब, मला नाक-डोळे असलेला केमिस्ट पाहिजे. मिशा नसल्या तरी चालतील." मी लागले. त्याच वर्षी माझे वडील गेले. दहाव्याला सर दौंडला आले, नुसते बाजूला बसून राहिले आणि जाताना म्हणाले, "सोमवारी ये. काम कर. काम माणसाला धरून ठेवतं." मी सोमवारी गेले. त्या दिवसापासून बाबांच्या जागी मी कुणाला बसवलं हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी मला ॲसिड शिकवलं ते काड्यापेटीनं. टेबलावर काड्या ओतल्या, मुठीत धरल्या. "बघ. सरळ काड्या. एकमेकींना खेटून बसतात, गच्च मोळी होते. सरळ साखळीचा रेणू असाच. थोडी थंडी पडली की थिजला." मग खिडकीतून कुंपणाच्या बाभळीकडे बोट दाखवलं. "आता त्या फांद्यांची मोळी बांधून दाखव मला. प्रत्येकीला आडवी फांदी. बसणारच नाहीत. आपलं ॲसिड तसलं, फांदीवालं. बर्फात ठेवलं तरी पातळ. म्हणून तर आपला माल काश्मीरलासुद्धा ड्रममध्ये वाहता राहतो."

पण बाजारात एक भानगड आहे. आठच कार्बनचं, तेवढ्याच वजनाचं, सरळ साखळीचं दुसरं एक ॲसिड असतं, खोबरेलापासून निघणारं. व्यापारी त्यालाही ऑक्टोइकच म्हणतात. ॲसिड व्हॅल्यू काढली तर दोघांची सारखीच येते. म्हणजे रोजच्या परीक्षेत दोघं जुळे भाऊ पास.

त्या दिवशी मी तेच केलं, आधी ॲसिड व्हॅल्यू काढली. तीनशे एकोणनव्वद. अगदी हवी तशी. पण नाकातला बोकड जाईना. मग मला काड्यापेटी आठवली. मी सात ते दहा नंबरच्या चारही ड्रममधला, रिकाम्या दोनांच्या तळाशी उरलेला धरून, थोडा थोडा नमुना एका बाटलीत घेतला, चिठ्ठी लावली आणि लॅबच्या फ्रीजमध्ये, सरांच्या ताकाच्या डब्याशेजारी ठेवली. तासाभरानं उघडून बघते तर बाटलीत पांढरा गोळा. थंडीत खोबरेलाची बाटली उलटी केली तरी हलत नाही ना, तसा.

मी कच्च्या वहीत लिहिलं. आमच्या लॅबमध्ये कच्ची वही पेन्सिलनं लिहायची पद्धत होती, सरांनीच घालून दिलेली. पेनाची शाई टर्पेंटाइनचा थेंब पडला की पसरते, पेन्सिल पसरत नाही. पद्धत बरोबरच होती. मी माझ्या बोथट पेन्सिलनं एकाखाली एक ओळी लिहिल्या.

ड्रम सात ते दहा
वास वेगळा
ॲसिड व्हॅल्यू ३८९
एक तास फ्रीजमध्ये
नमुना थिजला

पूर्णविराम दिला नाही. मी कधीच देत नसे. सर त्यावरून माझी टर उडवायचे. "शितोळे, तुझी वाक्यं उघडी राहतात. कधीतरी कुणीतरी आत शिरेल. दार लावत जा."

बाटली आणि वही घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली. गोळा हलला नाही. मग चष्मा काढून पुसला.

"हे ड्रम परवा आले," ते म्हणाले. "नेहमीच्या पुरवठादाराकडे माल नव्हता. दुसऱ्यानं फोनवर सांगितलं, ऑक्टोइक आहे. मी म्हटलं, पाठवा."

"कोणतं ऑक्टोइक, ते विचारलं नाहीत, सर?"

हा प्रश्न मी शिष्यासारखा विचारला, उलटतपासणीसारखा नाही. पण त्यांचा चेहरा जरा बदलला. आमच्या कारखान्यात सगळ्यांना पाठ असलेलं त्यांचं एक वाक्य होतं. आधीची नोकरी धरून बावीस वर्षांत माझ्या सहीची एक बॅच परत आलेली नाही. दहा महिन्यांनी ते निवृत्त होणार होते.

"दोन ड्रम चढलेत ना?"

"हो."

"मग आता थांबवून रिॲक्टर रिकामा करणार कुठं? चढव बाकीचे. टर्पेंटाइन थोडं जास्त घालू. राहील विरघळून."

"पण सर, थंडीत..."

"शितोळे, राहील." मग आवाज मऊ झाला. "वहीत लिहिलंस ना? बरं केलंस. लिहिलेलं असलं की कुणावर येत नाही. बाटली ठेव परत फ्रीजमध्ये."

मी प्लँटमध्ये गेले. नाना तिसऱ्या ड्रमवर हात ठेवून उभे होते.

"चढवायला सांगितलंय, नाना."

"बोकडासकट?"

"सर म्हणाले, टर्पेंटाइन वाढवू."

नानांनी ड्रमवरचा हात काढला नाही. म्हाळू देवकाते हे या कारखान्याचा पाया खणायला आलेला माणूस. पाया खणला, भिंती बांधल्या, मग कंत्राटी हेल्पर म्हणून आतच राहिले आणि बघून बघून रिॲक्टर चालवायला शिकले. आठ वर्षं झाली होती. जानेवारीत कंत्राटी माणसांतून चौघांना कायम करणार होते, आणि त्या चौघांत त्यांचं नाव होतं. त्यांनी गावात दोन वेळा पेढे वाटण्याची तारीख ठरवून पुढं ढकलली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. बॅच कार्डावर अंगठा.

"म्याडम, एक विचारू का? राग मानू नगा. ह्ये तुमी लिवलंय का कुठं? बोकडाचं?"

"बोकड असं नाही लिहिलं. वास वेगळा, असं लिहिलंय. आणि फ्रीजचंही."

"मला वाचून दावा की. जानेवारी तोंडावर हाय. आठ वर्सांत माझ्या हातनं माल बिगडला न्हाई. उद्या काय झालं तर त्ये म्हनतील, म्हाळूनं पानी नीट उडवलं न्हाई."

मी लॅबमधून वही आणली आणि त्यांच्यापुढे धरून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली. ड्रम सात ते दहा. वास वेगळा. ॲसिड व्हॅल्यू तीनशे एकोणनव्वद. एक तास फ्रीजमध्ये. नमुना थिजला.

शेवटच्या ओळीवर त्यांनी स्वतःचं निळं बोट टेकवलं. "ह्ये 'थिजला' का?"

"हो. 'थिजला'."

"मग झालं," ते म्हणाले आणि पंप लावायला वळले. त्यांच्या बोटाचा निळा ठसा ओळीच्या डाव्या कडेला उमटला. मी वही सरांच्या कपाटात ठेवली, रोजच्यासारखी. मला अतिशय बरं वाटत होतं. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला मी आपल्या अक्षरानं आधार दिलाय असं काहीतरी उदात्त वाटत होतं. चोवीस वर्षांची होते मी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुरकुंभला थंडी पडली आणि उत्तरेत तर हाडं गोठवणारी पडली. पंधरा तारखेला आमच्या गेटात एक ट्रक मागे मागे येत शिरला. सोळा ड्रम परत. नाना पहारीनं एकाचं झाकण उघडत होते आणि आम्ही सगळे भोवती उभे. आत माल नव्हताच, जांभळा गोळा होता. वर थोडं पाणचट, खाली चिकट, दाट. नानांनी बांबू घातला तर तो सरळ उभा राहिला.

"घ्या," नाना माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "आला बोकड घरी."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पारसनीस साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. चौकशी म्हणजे काय, साहेब खुर्चीत, त्यांच्या उजवीकडे रिसबूड सर, समोर मी आणि माझ्या मागे, बूट बाहेर काढून, अनवाणी उभे नाना. टेबलावर बॅच कार्ड होतं आणि त्यावर नानांचा अंगठा.

"पाणी राहिलंय बॅचमध्ये," पारसनीस म्हणाले. "दुसरं काय असणार? तापमान धरलं नाही पुरतं. देवकाते, झोपला होतास का?"

"न्हाई, साहेब. दिवसपाळी व्हती. पानी सगळं उडवलं. मालच बदललेला व्हता. बोकडाचा वास येत व्हता. म्याडमला तवाच सांगितलं म्या."

साहेब हसले. "बोकडाचा?"

"हो साहेब, त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "ड्रम वेगळ्या ॲसिडचे होते. मी तपासलं. कच्च्या वहीत नोंद आहे."

मला वाटलं, सर आता बोलतील. सर बोललेच. त्यांनी शेजारची कच्ची वही उचलली, आधीच खूण घातलेलं पान उघडलं आणि साहेबांपुढे सरकवली. "शितोळे बरोबर सांगतेय. वासाची तक्रार आली होती. म्हणूनच मी तिला फ्रीजची परीक्षा करायला लावली. वाचा ना साहेब, तिच्याच अक्षरात आहे."

मला लावली? मीच केली होती ती परीक्षा. पण एवढ्याशा गोष्टीवरून काय अडायचं, असं वाटून मी ते सोडून दिलं.

पारसनीस साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "ड्रम सात ते दहा. वास वेगळा. ॲसिड व्हॅल्यू तीनशे एकोणनव्वद. एक तास फ्रीजमध्ये. नमुना थिजला नाही."

मला ऐकायला चुकलं असं वाटलं. मी पुढे वाकले. पान तेच होतं. डाव्या कडेला नानांच्या बोटाचा निळा ठसा होता. ओळी माझ्या होत्या, अक्षर माझं होतं. आणि शेवटच्या ओळीत, जिथं मी पूर्णविराम द्यायला पाहिजे होता आणि दिला नव्हता, तिथं एक शब्द बसला होता. 'नाही'. माझ्यासारखाच 'ना', माझ्यासारखीच वेलांटी. फक्त 'थिजला' जाड होता, बोथट पेन्सिलचा. आणि 'नाही' बारीक होता. सुईसारखा.

मी सरांच्या खिशाकडे बघितलं. पेन्सिल जागेवर होती.

राग पुढे आला, वर्षानुवर्षं पुरला. त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं की बाबा दुसऱ्यांदा गेले.

"बाटली आहे!" मी एकदम म्हणाले. "साहेब, बाटली अजून फ्रीजमध्ये आहे. मी चिठ्ठी लावून ठेवलीय."

"आण की," सर म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले, की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी धावत गेले. बाटली ताकाच्या डब्याशेजारी होती. माझी चिठ्ठी, माझ्या हातची तारीख. काचेला बोटं गार लागत होती आणि आत ॲसिड पाण्यासारखं हिंदकळत होतं. मी ती तिथंच उलटी केली, हलवली, पुन्हा उलटी केली. पातळ. फांदीवालं.

ती बाटली मी आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली. मग पारसनीस साहेबांना गंमत सुचली. "देवकाते, ये. तुझं नाक एवढं तिखट आहे ना? सांग, यात आहे का तुझा बोकड?"

नाना पुढे आले. त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि डोळे मिटून वास घेतला. एकदा, मग पुन्हा. मी मनात म्हणत होते, नाना, हो म्हणा. हो म्हणा. कोण बघतंय? साहेबांना काय कळतंय वासातलं? एक 'हो' म्हणा आणि मग मी बोलते.

नानांनी बूच लावलं. "न्हाई," ते म्हणाले. "ह्यात बोकड न्हाई."

"झालं तर मग!" साहेबांनी हात झटकले.

"पर साहेब, ह्ये त्ये न्हाईच..."

"पुरे."

तेव्हा मी बोलले. "साहेब, ते 'नाही' माझं नाही."

"म्हणजे?"

"वहीतला तो शेवटचा शब्द. मी 'नमुना थिजला' एवढंच लिहिलं होतं. ते 'नाही' माझं नाही, ते..."

"मग कोणाचं?"

पान समोर होतं. दोन पेन्सिली दोन रेघांत वेगवेगळ्या दिसत होत्या. मला फक्त बोट टेकवायचं होतं आणि एक नाव घ्यायचं होतं. मी सरांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती असती तर मी घेतलं असतं नाव, खरंच सांगते. भीती नव्हती. दहाव्याला माझ्या शेजारी बसले होते तसेच ते बसले होते, किंचित पुढं झुकून.

"सांग ना बाळ," ते म्हणाले. "कोणाचं?"

एरवी ते मला शितोळे म्हणत. बाळ म्हणाले ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

मी तोंड उघडलं. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना माहीत होतं. माझी वाक्यं उघडी राहतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"...आठवत नाही," मी म्हणाले.

"पोर घाबरलीय," सर साहेबांना म्हणाले. "जाऊ द्या. चांगली केमिस्ट आहे. तिच्यावर काही ठेवू नका."

ठेवलं नाही. जे ठेवायचं ते नानांवर ठेवलं. कंत्राटदाराला फोन गेला, जानेवारीच्या यादीतलं नाव तिथंच खोडलं गेलं आणि उद्यापासून येऊ नकोस, असं सांगून साहेब दुसऱ्या फायलीकडे वळले. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली.

जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर गेले. नाना आपला डबा, गमछा आणि गमबूट पिशवीत भरून उन्हात एसटीची वाट बघत होते. बूट कंपनीचे होते, पण आठ वर्षं एकाच माणसाच्या पायात राहिलेले बूट परत मागायचं कुणाला सुचलं नसावं. मला बघून ते उठले नाहीत. एरवी उठायचे.

"म्याडम, एक विचारू का? राग मानू नगा."

"विचारा, नाना."

"मला वाचाया येत न्हाई म्हून तुमी मला त्या दिशी खोटं वाचून दावलं का?"

"नाही हो!" मला रडू फुटलं. "नाही, नाना. देवाशपथ. तेव्हा तेवढंच होतं लिहिलेलं. 'थिजला'. तुम्ही बोट ठेवलं होतंत ना त्यावर? नंतर कुणीतरी पुढे लिहिलं."

"कुनीतरी," नाना म्हणाले.

समोरच्या रस्त्यावरून टँकर गेला, धूळ उडाली, ती खाली बसली.

"बाटली बी बदलली व्हती," ते म्हणाले. "बूच काडताच वळखलं म्या. रोजचं ॲसिड व्हतं त्ये."

"मग 'बोकड आहे' म्हणायचं होतंत, नाना! कुणाला कळणार होतं?"

"आलं व्हतं तोंडात." त्यांनी गमछ्यानं मान पुसली. "पर वास नव्हता, म्हून न्हाई म्हनलो. मला निस्तं खोटं बोलायचं व्हतं, त्ये जमलं न्हाई. तुमाला तर खरंच बोलायचं व्हतं, म्याडम."

एसटी आली. त्यांनी पिशवी उचलली आणि चढले. खिडकीशी जागा होती, पण ते पलीकडच्या बाजूला बसले.

रिसबूड सर ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि पारसनीस साहेबांचं भाषण. बावीस वर्षांत यांच्या सहीची एक बॅच परत आली नाही, आणि जी आली ती यांच्या चुकीनं नव्हे. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. निघताना सरांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "तुला," एवढंच म्हणाले. मी घेतली. का घेतली, हे मला आजही कळलेलं नाही. पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली.

आता मी दुसऱ्या एका कारखान्याची लॅब सांभाळते. माझ्या हाताखालच्या पोरी मला मागून पूर्णविराम मॅडम म्हणतात, मला माहीत आहे. नोंद पेनानं करायची, शाई पसरली तर पसरू दे, पण वाक्य बंद करायचं, यावरून मी त्यांना फार पिडते. सरांची पेन्सिल माझ्या खणात आहे. टोक अजून सुईसारखंच आहे, कारण मी ती कधी वापरली नाही.

गेल्या वर्षी दौंडला गेले होते तेव्हा कळलं, म्हाळूनाना गेले. त्यांच्या वाडीवरचा एक जण बाजारात भेटला. म्हणाला, शेवटपर्यंत बकऱ्या राखत होते आणि कारखान्याचा विषय निघाला की उठून जायचे.

पारसनीस साहेबही आता नाहीत आणि ती वही तर केव्हाच रद्दीत गेली असेल. तरीपण, साहेब, तुम्ही विचारलं होतंत ना, कोणाचं?

ते 'नाही' माझं नाही. ते रिसबूड सरांचं आहे.